उघड्या पाठीचे स्पीकर

छतातले स्पीकर निवडायचं काम पिपाणीकडे आलं आणि त्या दिवसापासून घरात कुणाच्याच कानाला विसावा राहिला नाही.

पिपाणी हे अर्थातच तिचं शाळेतलं नाव नव्हे. तान्ही असताना ती रडायला लागली की चार घरं पलीकडचं कुत्रं उठून बसायचं, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. मधली काही वर्षं मात्र पिपाणी वाजेनाशीच झाली होती. वर्गात उत्तर येत असायचं, पण ते घशापर्यंत येऊन तिथेच ठाण मांडायचं. या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं, बाईंनी हिला मागून ढकललं आणि हिने सात मिनिटं अशी काही तोफ डागली की परीक्षक घंटा वाजवायचं विसरले. झालं! तेव्हापासून तोंडाला जे चाक लागलं ते लागलंच. नळवाल्याशी हुज्जत घालणं, दारात गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याला ती काढायला लावणं, टपालवाल्याला जाब विचारणं, सगळी खाती हिच्याकडे.

त्यामुळे बाबा जेवताना जेव्हा म्हणाले, "मागच्या खोलीचं थिएटर करून टाकू या आता," तेव्हा तोंडातला घास गिळायच्या आत पिपाणीने जाहीर केलं, "स्पीकर मी निवडणार."

"निवड की. आवाजातलं तुझ्याएवढं या घरात कुणाला कळतं?" बाबा म्हणाले.

"थिएटर कशाला हवंय?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, तीन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहणारी. "माणसं इनमीन तीन. त्यातलं एक तर पडदा उजळला की घोरायला लागणार."

"कोण?"

"मी!"

सगळे हसले. बाबासुद्धा. पिपाणी जरा उशिराच हसली, कारण थिएटर हा शब्द त्या घरात तीन वर्षांनी उच्चारला गेला होता.

तो शब्द आईचा होता. आई आणि बाबा दोघंही सिनेमाचे वेडे, आणि मागच्या खोलीत पडदा लावायचा, डोक्यावर छतातून आवाज पडला पाहिजे, पाऊस पडला तर भिजल्यासारखं वाटलं पाहिजे, असे त्यांचे बेत रोज चहाबरोबर शिजायचे. मग आई आजारी पडली, आणि चार महिन्यांत गेलीच. त्यानंतर बाबांनी एकही सिनेमा पाहिला नाही. टीव्हीवर लागला तरी उठून जायचे. तेच बाबा आज आपणहून थिएटर म्हणत होते. पिपाणीला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं.

अडचण एवढीच होती, की मागच्या खोलीच्या बरोबर वर आईची खोली होती.

आई पुस्तकांची प्रुफं तपासायची. आणि ती टेबलाशी बसून नाही, चालत तपासायची. हातात कागदांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल, आणि कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. "चूक डोळ्यांना चकवते गं," ती म्हणायची, "पायांना नाही चकवत. वाक्य बिघडलेलं असलं की पाऊल अडखळतंच." वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची. कपाटापासून खिडकीपर्यंत बरोबर सात पावलं, आणि चौथ्या पावलाची फळी करकरायची. खिडकीशी पोचली की ती पान उलटायची, आणि परत सात. खाली खेळत बसलेल्या पिपाणीला आई कुठल्या भिंतीशी आहे ते मान वर न करता सांगता यायचं.

आई गेली. फळ्यांचा आवाज गेला नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मागच्या खोलीच्या छतातून एक, दोन, तीन, मग करकरणारं चौथं, मग पाच, सहा, सात. मग थोडा वेळ काहीच नाही. मग उलट सात. अशा तीनचार फेऱ्या, आणि शांत.

पिपाणी काही खुळी नव्हती. विज्ञानाच्या बाईंना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी थंडावतं, आक्रसतं आणि आवाज करतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पटण्यासारखं होतं. पण लाकूड रोज कपाटाकडूनच थंडावायला का लागतं, आणि खिडकीशी पोचल्यावर पान उलटण्यापुरतंच का थांबतं, हे काही तिने बाईंना विचारलं नाही. काही प्रश्नांना उत्तर मिळालं की माणूस उघड्यावर पडतो.

म्हणून ती अभ्यासाला मागच्या खोलीत बसायची. तीन वर्षं, रोज. बाबांना तिने एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाबा आत्ता कुठे रात्रीचे झोपायला लागले होते, चहात साखर आहे की नाही हे त्यांना कळायला लागलं होतं. त्यांना कशाला सांगायचं? आणि आता त्या खोलीला नवं छत लागणार होतं. नव्या छताखाली आईची पावलं ऐकू येणार की कायमची बंद होणार, हे स्पीकर कुठले निवडले जातात त्यावर होतं. ते काम तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचंच नव्हतं.

*

स्पीकरच्या दुकानाचा मालक ठेंगणा, टकला, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला. तो बोलताना मान अशी तिरकी करायचा की समोरच्याला वाटावं, हा आपलं बोलणं नाही, आपल्या पोटातली गुडगुड ऐकतोय. आत्याने त्याचं नाव दोन मिनिटांत कानसेन ठेवलं, आणि तेही त्याला ऐकू जाईल एवढ्या कुजबुजीत.

"चालेल," कानसेन म्हणाले. "नावं ठेवणारी माणसं निदान सामान परत आणत नाहीत."

पिपाणीने आठवडाभर माहितीपत्रकं वाचून डोक्याचा भुगा केला होता. तिने वही उघडली आणि सुरू झाली. छतात चार, दोन बसणाऱ्याच्या पुढे, दोन मागे. सहा इंची की आठ इंची? मधला बारीक आवाजाचा गोळा वळवता येणारा हवा, म्हणजे तो बसणाऱ्याकडे तिरका करता येईल. जाळी गोल हवी की चौकोनी? रंग द्यायचा तर जाळी काढून द्यायचा, नाहीतर भोकं बुजतात.

"मुली," कानसेन म्हणाले, "तू माझं दुकान चालवायला ये, मी घरी झोपतो."

मग त्यांनी काउंटरवर दोन स्पीकर पालथे घातले. एकाच्या पाठीला पत्र्याचा डबा होता, झाकणबंद. दुसऱ्याची पाठ उघडी, आतला चुंबक, तारा, कागदाचा द्रोण सगळं दिसत होतं.

"खरी निवड ही आहे. इंच आणि जाळ्या नंतर. हा बंद पाठीचा. छतात बसवायचा, वरच्या पोकळीत लोकर ठासून भरायची. आवाज खाली पडतो तो खालीच राहतो, आणि वरचं टाचणीएवढंही खाली येत नाही. हा उघड्या पाठीचा. हा छताच्या पोकळीतच श्वास घेतो. आवाज गोड, पण चहाडखोर. अर्धा सिनेमा वरच्या मजल्यावर जातो, आणि वरच्या मजल्यावरचं सगळं खाली येतं."

"बंद," बाबा म्हणाले.

"उघडा," पिपाणी म्हणाली.

दोघं एकदमच बोलले होते. कानसेनांची मान तिरकी झाली.

"पिपाणी, अगं, वरचं खाली ऐकू आलं तर काय उपयोग?" बाबा जरा घाईनेच म्हणाले. "लोकरसुद्धा चांगली जाड घालू. दुप्पट."

"पण आवाज गोड आहे म्हणाले ना ते! आणि... आणि छत श्वास घेतं! बंद डब्यातला आवाज म्हणजे तोंडावर उशी ठेवून बोलल्यासारखा. आणि वर राहतंय कोण, वरून येणार काय आहे खाली?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिलाच ते चावलं. बाबा काउंटरवरची जाळी उलटसुलट करत राहिले. आत्याने पिशवीतून उगाच रुमाल काढला आणि उगाच परत ठेवला.

"मी असं कधी दुकानात ठरवत नाही," कानसेन म्हणाले. "आधी खोली ऐकायची. जुनं छत काढून ठेवा, शनिवारी संध्याकाळी येतो. सोमवारी तुमचे नव्या छताचे बोर्डवाले येणार ना? मग शनिवारीच काय तो निकाल."

*

शनिवारपर्यंत जुन्या छताचे तक्ते उतरले. वर नुसते वासे, आणि वाशांच्या वर आईच्या खोलीच्या फळ्यांची काळसर पोटं. त्या चार दिवसांत पावलं इतकी जवळून ऐकू यायला लागली की पिपाणीचा हात वहीवरून आपोआप उचलला जायचा. धूळसुद्धा पडायची. चौथ्या पावलाला बारीकशी, चिमूटभर. गुरुवारी ती तिच्या गणिताच्या वहीवर पडली, आणि तिने ते पान मिटून ठेवलं, झटकलं नाही.

कानसेन आले ते पावणेसहाला, खांद्यावर जाडजूड पिशवी आणि हातात शिडी. आल्या आल्या त्यांनी तिघांना चौकोनी रेघांचा एकेक कागद दिला. त्यावर खोलीचा नकाशा, दार, खिडकी, पडद्याची भिंत.

"तुम्हाला कुठे बसायला आवडेल तिथे फुली मारा. पण एकमेकांना न दाखवता, तीन कोपऱ्यांत तोंडं करून."

"हे काय, परीक्षा आहे?" आत्या म्हणाली.

"बाई, तीस वर्षं घराघरांत स्पीकर लावतोय. घरातली माणसं एकमेकांसमोर खोटं बोलतात. नवरा म्हणतो तुला आवडेल तिथे, बायको म्हणते मुलांना आवडेल तिथे, आणि स्पीकर लावून झाले की कुणीच तिथे बसत नाही. कागदावर फुली मारताना माणूस खरं बोलतो. बसणाऱ्याची जागा कळल्याशिवाय मी छताला भोक पाडत नाही."

पिपाणीने कागद गुडघ्यावर घेतला. नीट कळत होतं तिला. सगळ्यात चांगली जागा म्हणजे खोलीच्या मधोमध, मागच्या भिंतीपासून जरा पुढे. माहितीपत्रकांत तीच दाखवलेली असते. पण पेन्सिल तिकडे गेली नाही. ती डाव्या भिंतीला चिकटून, मागच्या बाजूला, एका बारक्याशा चौकोनात जाऊन थांबली. तिथे तिचं अभ्यासाचं टेबल असायचं. तिने फुली मारली आणि कागदाची घडी केली.

कानसेनांनी तिन्ही घड्या उलगडल्या. आत्याची फुली दाराला लागून होती.

"म्हणजे चहाला उठायला बरं," आत्या म्हणाली. "आणि घोरायला लागले तर लोटून द्यायलाही सोपं."

बाकीचे दोन कागद त्यांनी एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. मान तिरकी केली. मग चष्मा कपाळावर सारून परत पाहिलं.

"चूक कशी असते बघा," ते हळूच म्हणाले. "ही खोलीतली सगळ्यात वाईट जागा आहे. भिंतीला टेकून, खर्ज घुमतो, डावे स्पीकर कानात ओरडतात, उजवे ऐकूच येत नाहीत. शंभरातला एकही माणूस इथे फुली मारत नाही. आणि या घरात दोघांनी मारली. तेही एकाच चौकोनात."

उन्हात धरलेल्या कागदांवर दोन फुल्या होत्या, एकीच्या अंगावर दुसरी.

पिपाणीने बाबांकडे पाहिलं. बाबा वर पाहत होते. वासे आणि फळ्यांकडे, डाव्या भिंतीजवळच्या, चौथ्या पावलाच्या फळीकडे.

"तुला ऐकू येतं?" तिने विचारलं. चारशे मुलांसमोर माईकशिवाय पोचणारा तिचा आवाज आता स्वतःच्या ओठांपलीकडे जात नव्हता.

"साडेसहाला," बाबा म्हणाले. "कामावरून आलो की मी दाराबाहेर बोळात उभा राहतो. बूट काढतोय असं दाखवत."

"अर्धा अर्धा तास? मला वाटायचं तुझी बुटाची नाडी सुटत नाही!"

"मला वाटायचं तू अभ्यास करतेयस आणि तुला काही कळत नाही. मग गेल्या महिन्यात मी दार ढकललं तर तू मान वर करून बसलेली. चेहरा असा पांढराफटक. मी म्हटलं, पोरगी घाबरतेय, आणि मला सांगत नाही." बाबांनी वर वाशांकडे बोट केलं. "म्हणून लोकर. म्हणून तर सगळं थिएटरचं काढलं. नवं छत लागलं की तुला ऐकू येणार नाही, एवढंच."

"मी घाबरत नव्हते! मी मोजत होते!"

"आणि तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला त्रास होईल म्हणून!"

"मग तुला जर ते बंदच करायचं होतं," आत्या बाबांना म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता, "तर फुली तिथे कशाला मारलीस रे?"

बाबांची नजर परत फळ्यांकडे गेली. "ऐकू नाही आलं तरी तिच्या खाली बसता तर येईल ना, ताई."

मग आत्यानेच नाक ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही बापलेक दोघं वेडे आहात. उंदीर असतील नाहीतर लाकूड असेल. तीन वर्षं मी ती खोली झाडतेय, मला कधी कुणी दिसलं नाही."

"लाकूड असू शकतं," कानसेन म्हणाले. "मी लाकूड नाही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की ऐकल्याशिवाय निकाल नको."

त्यांनी शिडी लावली, पिशवीतून उघड्या पाठीचा स्पीकर काढला आणि चौथ्या फळीच्या खाली दोन वाशांमध्ये तारेने टांगला. तोंड खाली, उघडी पाठ वर. मग त्याची तार खाली आणून एका छोट्या पेटीला जोडली, आणि पेटीला हेडफोन.

"हा वाजणार आहे?" पिपाणीने विचारलं.

"नाही. हा ऐकणार आहे. स्पीकर म्हणजे काय, तार हलवली की कागद हलतो. उलटं केलं तर? कागद हलला की तार हलते. जो बोलू शकतो तो ऐकूही शकतो, फक्त आपण त्याला कधी विचारत नाही. घड्याळात किती वाजले?"

सहा अठ्ठावीस.

कानसेनांनी हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. पंखा बंद होता. आत्यासुद्धा गप्प होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि ती लांब गेली.

एक.

वासे उघडेच असल्यामुळे हेडफोन नसतानाही सगळ्यांना ऐकू आलं. कपाटाच्या बाजूने. दोन. तीन. मग चौथं, करकरतं, बरोबर स्पीकरच्या डोक्यावर, आणि फळीतून बारीक धूळ सुटून कानसेनांच्या टकलावर पडली. पाच, सहा, सात.

कानसेनांनी डोळे उघडले. त्यांनी हेडफोन काढले, आणि बाबांच्या पुढे धरले. बाबांनी ते घेतले, एक कान आपल्या कानाला लावला, दुसरा वळवून पिपाणीच्या. दोघं एकमेकांना डोकं टेकून उभे राहिले, एका छत्रीखाली दोघं उभे राहतात तसे.

आत वेगळंच जग होतं. खोलीतलं सगळं लांब गेलं, आणि वरची खोली कानाशी आली. लाकडाचा बारीक ताण. कुठेतरी खिडकीच्या काचेची किंचित थरथर. आणि मग, खिडकीच्या बाजूने, सातव्या पावलाच्या जागी, छतातून खाली कधीच आला नव्हता असा एक आवाज.

कागद. जाड गठ्ठ्यातलं एक पान अंगठ्याने सुटं झालं, सरसरत वर गेलं, आणि उलटून खाली बसलं.

बाबांचा हात पिपाणीच्या खांद्यावर होता. तो इतका घट्ट झाला की दुखलं. ती हलली नाही.

मग पावलं परत निघाली. सात, सहा, पाच.

"काय झालं? काय ऐकलंत?" आत्या म्हणाली. तिने हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतले, कानाला दाबले आणि 'मी सांगते तुम्हाला काय आहे ते' अशा चेहऱ्याने उभी राहिली. चौथं पाऊल करकरलं. एक झालं. थोडा वेळ गेला. कपाटाशी पोचल्यावर, दुसऱ्या टोकालाही, पान उलटलं असणार, कारण आत्याचा चेहरा एकदम उतरला. ती हळूच खाली टेकली, सिमेंटच्या गोणीवर.

"वर सुटा कागद नाहीच आहे," ती म्हणाली. "तिचे गठ्ठे मी स्वतः कपाटात ठेवून कुलूप लावलंय. पहिल्याच वर्षी. किल्ली माझ्या बटव्यात आहे." तिने बटवा काढला, उघडला. किल्ली होती. ती तिने हातात धरून ठेवली. "वाऱ्याने हलायला एक चिटोरा नाही वर."

बाहेर अजून उजेड होता. तोच शहाणा, पिवळसर, संध्याकाळचा उजेड, ज्यात असलं काही होत नसतं. वर तिसरी फेरी चालू होती.

*

निकाल दिला तो पिपाणीने, आणि दोन्ही बाजू मांडून दिला, कारण तिला तशीच सवय होती.

"बंद पाठीचे घेतले तर आपल्याला ती ऐकू येणार नाही. उघड्या पाठीचे घेतले तर येईल. पण मुद्दा तो नाहीच आहे, बाबा. आपण सगळे आपल्याला काय ऐकू येईल याचाच विचार करतोय. कानसेनकाका काय म्हणाले होते? उघड्या पाठीचा स्पीकर चहाडखोर. अर्धा सिनेमा वरच्या मजल्यावर जातो."

"तो त्याचा दोष म्हणून सांगितला होता मी," कानसेन म्हणाले.

"थिएटर कुणाला हवं होतं?" पिपाणीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते कानसेनांकडे वळले.

"चारही उघड्या पाठीचे," ते म्हणाले. "लोकर नको."

"आणि खुर्च्या? वाईट जागेवरच?"

"आमच्या खुर्च्या मधोमध," पिपाणी म्हणाली. "पुस्तकात दाखवतात तिथेच. त्या चौकोनात एक रिकामी."

कानसेनांनी कागदावर लिहून घेतलं. बंद पाठीचे स्पीकर न काढताच पिशवी बांधताना ते स्वतःशीच म्हणाले, की तीस वर्षांत पहिल्यांदाच दोष बघून माल विकला.

सोमवारी बोर्ड लागले. मंगळवारी चार गोल भोकं पाडली गेली, बुधवारी रंग, आणि जाळ्यांना रंग पिपाणीने स्वतः दिला, भोकं न बुजवता. शनिवारी संध्याकाळी पडदा पहिल्यांदा खाली आला.

कुठला सिनेमा लावायचा ते बाबांनी ठरवलं. त्यात खूप पाऊस होता. आईने तो तीन वेळा पाहिला होता आणि तिन्ही वेळा शेवट व्हायच्या आत रडून घेतलं होतं, म्हणजे दिवे लागल्यावर कुणाला कळू नये. आत्याची खुर्ची दाराशी, बाबा आणि पिपाणी मधोमध, आणि डाव्या भिंतीला चिकटून, मागे, ती रिकामी. कुणी तिच्याकडे वळून पाहत नव्हतं आणि कुणी तिला विसरतही नव्हतं.

सहा वीसला बाबांनी सिनेमा सुरू केला. दहा मिनिटं झाली, आणि पडद्यावर आभाळ भरून आलं. छतातून पहिला थेंब पडला, मागे डावीकडे, मग पुढे, मग सगळीकडे. इतका खरा, की आत्याने हात डोक्यावर नेला.

"झोपली नाहीस?" पिपाणीने विचारलं.

"गप बस, पाऊस ऐकू दे."

पावसाच्या आडून ते आलं. एक. दोन. तीन. पिपाणीने बाबांचा हात धरला. चौथं, करकरतं.

ती पाचव्याची वाट पाहत राहिली. पाचवं आलं नाही.

पडद्यावर पाऊस थांबला, लोकं भेटली, भांडली, एक गाडी दूर गेली. वर काहीच हललं नाही. तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. चौथ्या पावलानंतर पावलं थांबली होती, बरोबर चौथ्या फळीवर, जिच्या खाली रिकामी खुर्ची होती आणि मध्ये उघड्या पाठीचा स्पीकर. पिपाणीच्या मानेवर काटा उभा राहिला आणि तसाच राहिला, दोन तास. तिला वळून बघायचं होतं आणि तिने वळून पाहिलं नाही. फक्त एकदा, शेवटाच्या थोडं आधी, छतातून कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं. ते सिनेमातलं होतं की नाही, हे तिने नंतरही कुणाला विचारलं नाही.

शेवटची अक्षरं वर सरकून गेली. पडदा पांढरा झाला. बाबांनी दिवा लावला नाही, आत्या उठली नाही. पोकळ, स्वच्छ शांतता पसरली, आणि त्या शांततेत, वर, अगदी सावकाश, निघायचं मन नसल्यासारखं, पाचवं पाऊल पडलं. मग सहावं. मग सातवं.

"पुढच्या शनिवारी," बाबा अंधारात म्हणाले. ते वर पाहून बोलत होते. "पुढच्या शनिवारी कुठला लावू?"